मला काय म्हणायचं?

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी 'समलिंगी' हा शब्द तीनदा वापरला. त्या एका शब्दावरून जेवढी पत्रं आली, तेवढी वर्षभरात कशावरूनच आली नसतील. कुणाला तो जड वाटला, कुणाला चुकीचा. एकीनं लिहिलं, 'हा शब्द छापतात सगळे, बोलत कुणीच नाही.' तेव्हा या वेळचं सदर शब्दांनाच देऊन टाकते. नव्या वाचकांसाठी सांगते: माझं वय 62, त्यातली 31 वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासण्यात गेली आणि गेली 28 वर्षं मी एका बाईबरोबर संसार करते आहे. त्यामुळे या विषयात मी दोन्ही बाजूंनी नाक खुपसू शकते. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, माझी मुलगी 19 वर्षांची आहे. परवा जेवून उठता उठता म्हणाली, "आई, मी पॅन आहे." मला आधी स्वयंपाकघरातलं भांडंच आठवलं. तसं बोलूनही गेले. ती हसली, मीही हसले, मग ती रडली. रात्री नेटवर शोधलं तर पंधरा शब्द सापडले आणि प्रत्येकापुढे एक झेंडा. मागच्या वर्षी ती स्वतःला 'बाय' म्हणत होती. पुढच्या वर्षी आणखी काही म्हणेल का? आणि हे माझ्या बहिणीला सांगू का? आम्ही एकमेकींपासून काही लपवत नाही.
— गोंधळलेली आई

उत्तर: ती हसली, तुम्ही हसलात, मग ती रडली. या क्रमात काही बिघडलंय असं मला दिसत नाही. भांड्याच्या विनोदाबद्दल स्वतःला माफ करून टाका. पंचवीस वर्षांनी घरात तोच सांगितला जाईल.

'पॅन' हे 'पॅनसेक्शुअल'चं लाडकं, आखूड रूप. ग्रीक भाषेत पॅन म्हणजे सर्व. ज्या माणसाकडे मन ओढलं जातं ते माणूस पुरुष आहे, बाई आहे की या दोन्ही रकान्यांत न बसणारं आहे, यावर आपली ओढ ठरत नाही, असं ज्यांना सांगायचं असतं ते हा शब्द वापरतात. 'बाय' म्हणजे बायसेक्शुअल. हा शब्द जुना. त्यात 'दोन' दडलेले आहेत खरे, पण तो लावून घेणाऱ्या पुष्कळांना 'पुरुष आणि बाई, बस, दोनच' असं म्हणायचं नसतं. एकाहून जास्त लिंगांच्या माणसांबद्दल ओढ वाटते, एवढाच त्यांचा अर्थ. मग फरक काय, असं विचाराल. हद्दी एकमेकींत शिरलेल्या आहेत. अगदी सारखं मन असलेल्या दोन मुली असतील, तर एक स्वतःला बाय म्हणेल, दुसरी पॅन, आणि दोघींचंही बरोबर. 'सर्व' म्हणजे दिसेल तो आवडतो, असंही समजू नका. तुम्हाला पुरुष आवडत असतील, पण म्हणून बसच्या रांगेतला प्रत्येक जण आवडतो का?

शब्द बदलेल का? बदलेलही. मुद्रित वाचताना पहिल्या वाचनात एक गोष्ट दिसते, दुसऱ्यात दुसरी. म्हणून पहिलं वाचन खोटं होतं असं कुणी म्हणत नाही. 'मागच्या वर्षी तर तू बाय होतीस' हे वाक्य मात्र तोंडातच ठेवा. तुम्हाला ती चौकशी वाटते, तिला ती उलटतपासणी वाटेल.

आता बहिणीचं. मुलीला विचारल्याशिवाय नाही. तुम्ही दोघी बहिणी काही लपवत नसाल, पण ही गोष्ट तुमची नाही. मुलीनं ती तुमच्या हातात दिली आहे, वाटायला दिलेली नाही. सरळ विचारा: "मावशीला मी सांगू, तू सांगणार, की इतक्यात नको?" तिन्हींपैकी जे उत्तर येईल ते चालवून घ्या. 'इतक्यात नको' आलं तर बहिणीशी दुसऱ्या विषयावर बोला, विषय पुष्कळ आहेत.

झेंड्यांनी दबून जाऊ नका. पहिला इंद्रधनुषी झेंडा गिल्बर्ट बेकर यांनी 1978 मध्ये केला तेव्हा त्याला आठ पट्टे होते. पुढे झेंडे भराभर शिवायची वेळ आली आणि गडद गुलाबी कापडच मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. नंतर आणखी एक गेला, सहा उरले. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्या पत्रात झेंड्यांची भीती शब्दांहून जास्त दिसली.

प्रश्न: समलिंगी, समलैंगिक, समलिंगकामी... तुम्ही मंडळी एकदा काय ते ठरवा. आणि ही सगळी भाषांतरं आहेत. शब्द बाहेरून उचललेला, म्हणजे गोष्टही बाहेरचीच, असं का म्हणू नये?
— एक निवृत्त भाषाशिक्षक

उत्तर: सर, व्याकरणाचं आधी उरकून घेऊ. मी माणसाला 'समलिंगी' लावते आणि भावनेला किंवा नात्याला 'समलैंगिक': समलिंगी मुलगा, समलैंगिक आकर्षण. बोलताना लोक दोन्ही कुठेही वापरतात आणि त्यावर मी लाल पेन चालवत नाही. लाल पेन मी चालवते ते 'अमुक अभिनेत्यानं समलिंगी असल्याची कबुली दिली' या वाक्यावर. कबुली चोरीची देतात. हे वाक्य माझ्या हातून निदान चाळीस वेळा गेलं असेल. दर वेळी मी 'कबुली दिली' खोडून 'सांगितलं' केलं. दोनदा ते वरच्या मजल्यावरून परत 'कबुली' होऊन आलं.

आता बाहेरून आल्याचं. बाहेर तरी शब्द कधी होता? 'होमोसेक्शुअल' हा शब्द आपल्याला पहिल्यांदा सापडतो तो 6 मे 1868 च्या एका पत्रात. कार्ल मारिया केर्टबेनी या लेखकानं ते कार्ल हाइनरिश उल्रिक्स या कायदेपंडिताला जर्मनमध्ये लिहिलं होतं. पुढच्या वर्षी प्रशिया या जर्मन राज्यातल्या कायद्याविरुद्धच्या एका निनावी पत्रकात तो शब्द छापून आला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन असा तो जोडशब्द. यातला 'होमो' म्हणजे 'सम', लॅटिनमधला माणूस नव्हे. गंमत पुढे आहे. त्याच पत्रात 'हेटरोसेक्शुअल', म्हणजे भिन्नलिंगी, हा शब्दही पहिल्यांदा येतो. तुमचं तर्कशास्त्र लावलं तर 1868 च्या आधी बाईवर जीव टाकणारा पुरुष जगात नव्हता असं म्हणावं लागेल.

आणखी एक. 1923 च्या मेरियम-वेबस्टर या अमेरिकी इंग्रजी शब्दकोशात 'हेटरोसेक्शुअलिटी'चा अर्थ विरुद्धलिंगी व्यक्तीबद्दलची रोगट कामवासना असा दिला होता. 1934 च्या आवृत्तीत ती 'नॉर्मल' झाली. म्हणजे त्या कोशात अकरा वर्षं तुम्हीसुद्धा आजारी होतात, सर.

मला स्वतःला केर्टबेनीपेक्षा ज्याला ते पत्र गेलं तो उल्रिक्स जवळचा वाटतो. त्यानं 1864 पासून आपल्यासारख्यांसाठी 'उर्निंग' असा शब्द चालवून पाहिला होता, प्लेटोच्या संवादातल्या युरेनिया देवतेवरून. 29 ऑगस्ट 1867 ला तो म्युनिकमध्ये जर्मन कायदेपंडितांच्या सभेत उभा राहिला आणि असल्या प्रेमाला शिक्षा देणारे कायदे काढून टाका असं म्हणाला. आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं. 'उर्निंग' टिकला नाही. टिकला तो केर्टबेनीचा शब्द. त्यानं तो कायद्याला विरोध करायला केला होता, आणि डॉक्टरांनी उचलून त्याचा रोग केला. मला यात एवढंच दिसतं की शब्द कुणी केला यापेक्षा तो कुणाच्या तोंडी आहे याकडे बघावं लागतं. मी स्वतःला 'समलिंगी' म्हणते तेव्हा तो शब्द मला सैल होतो. शेजारच्या बाई पाठीमागे म्हणतात तेव्हा तोच आवळतो. अक्षरं तीच.

प्रश्न: आमच्या माहितीपत्रकात 'लैंगिक आवड' लिहावं, 'लैंगिक पसंती' की 'लैंगिक कल'? छापायला द्यायचंय, लवकर कळवा.
— एक कार्यकर्ता

उत्तर: कल. डोळे मिटून कल.

आवड लागते, सुटते, लावताही येते. पसंती म्हणजे दोन साड्या समोर ठेवून एक उचलणं. 'कल' हा आपल्या भाषेनं दिलेला इतका चांगला शब्द आहे की इंग्रजीनं हेवा करावा. झाडाचा उजेडाकडे कल असतो. मुलाचा गणिताकडे कल आहे म्हणतो, तेव्हा तो आपण पाडलेला नसतो, फक्त ओळखलेला असतो. आणि त्यात थोडं-जास्त असतं: एखादा एका बाजूला पार झुकलेला, एखादा किंचित, एखादा वाऱ्याबरोबर हलणारा. इंग्रजी कोशकारांना हा फरक उशिरा नोंदवावासा वाटला. मेरियम-वेबस्टरनं 2020 मध्ये 'प्रेफरन्स', म्हणजे पसंती, हा शब्द या अर्थानं वापरला तर मनाला लागू शकतो अशी नोंद जोडली.

तुम्हाला घाई आहे ते कळलं, तरी एक सांगून घेते. 1984 मध्ये मी 22 वर्षांची होते. घरच्यांनी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दहा मिनिटं माझ्याकडे न बघता प्रश्न विचारले आणि कागदावर निदानाच्या जागी एक शब्द लिहिला: 'विक्रुती'. असाच, क ला र जोडून, खाली उकार. मी तेव्हा मुद्रितशोधक नव्हते, तरी मला आधी ती चूक दिसली आणि अर्थ नंतर. चूक दिसली म्हणून मी वाचले असं मला कधी कधी वाटतं. ज्याला 'विकृती' लिहिता येत नाही त्यानं ती ओळखावी कशी, हा विचार त्या खोलीत मनात आला आणि तिथून मी सरळ पाठीनं बाहेर पडले. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973 च्या डिसेंबरमध्येच काढली होती. डॉक्टर अकरा वर्षं मागे होते. जागतिक आरोग्य संघटनेनं काढली 17 मे 1990 ला. तोवर लाल पेन माझ्या हाती आलं होतं. घरी जपून ठेवलेल्या त्या कागदावर मी आधी ऋकार दुरुस्त केला, मग अख्ख्या शब्दावर काट मारून समासात गाळण्याची खूण केली. अजून आहे तो कागद.

पत्रकात 'कल' छापा, आणि 'उपचार' हा शब्द कुठे राहिला असेल तर शोधून खोडा.

प्रश्न: वय 44, लग्नाला 17 वर्षं, दोन मुलं. बायकोवर प्रेम आहे, खोटं नाही. वर्षातून दोन-तीनदा पुरुषाशी संबंध येतो. मी गे नाही. 'बाय' हा शब्द कॉलेजातल्या पोरांचा वाटतो. काय आहे मी? शब्दच नाही म्हणून बायकोला काही सांगता येत नाही.
— नाव नको

उत्तर: तुमच्यासारख्या पुरुषांमुळे आरोग्य खात्याच्या भाषेत एक शब्द आला. एड्सच्या साथीत काम करणारे लोक विचारायचे, "तुम्ही गे आहात का?" माणूस म्हणायचा, "नाही." आणि ते खरंच असायचं, त्याच्या दृष्टीनं. मग निरोधाची माहिती त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही. म्हणून 1990 च्या दशकात 'पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष' असा लांबलचक शब्द रूढ झाला, इंग्रजी आद्याक्षरांनी 'एमएसएम'. तो फक्त काय घडतं ते सांगतो, तुम्ही कोण ते सांगत नाही. दवाखान्यात कामाचा आहे. आरशासमोर उभं राहून कुणी स्वतःला एमएसएम म्हणत असेल असं वाटत नाही.

ओढ कुणाकडे आहे, प्रत्यक्षात संबंध कुणाशी येतो आणि स्वतःला काय म्हणवता, या तीन गोष्टी आहेत. पुष्कळांच्या बाबतीत तिन्ही एका रेषेत येतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे कळत नाही. तुमच्यात आलेल्या नाहीत. आल्फ्रेड किन्सी मूळचा प्राणिशास्त्रज्ञ, झाडांवर गाठी आणणाऱ्या गांधीलमाश्यांचे लाखो नमुने गोळा केलेला. माश्यांत दोन सारख्या नसतात हे बघितलेल्या त्या माणसानं 1948 मध्ये पुरुषांच्या मुलाखतींवरून 0 ते 6 अशी मोजपट्टी मांडली. 0 म्हणजे सगळं भिन्नलिंगी, 6 म्हणजे सगळं समलिंगी, आणि मधली पाच घरं भरायला त्याला माणसं हुडकावी लागली नाहीत. तुम्ही त्या मधल्या घरांत कुठेतरी राहता. 'बाय' हा शब्द कॉलेजच्या पोरांइतकाच 44 वर्षांच्या बापाचाही आहे, हवा तर घ्या. नको तर राहू द्या, शब्दावाचून माणूस मरत नाही.

पण पत्रातलं शेवटचं वाक्य मला पटलं नाही. शब्द नाही म्हणून सांगता येत नाही? बायकोचं तुम्ही देणं लागता ते शब्दाचं नाहीच. तिच्या अंगाला धोका आहे का, हे कळणं तिचा हक्क आहे. तेव्हा शब्द बाजूला ठेवा आणि आधी एचआयव्ही आणि बाकीच्या लैंगिक आजारांची तपासणी करून घ्या. बाहेर दर वेळी निरोध वापरा. एचआयव्ही टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या 'प्रेप' नावाच्या गोळ्या असतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मग समुपदेशकाच्या मदतीनं तिच्याशी बोला. ती तुम्हाला कुठला तरी शब्द लावेल, आणि तो तुम्हाला आवडेलच असं नाही. त्या दिवशी तो ऐकून घ्या.

प्रश्न: नेटवर एक चाचणी दिली, 'तुम्ही कोण आहात ओळखा'. 63 टक्के गे आलं. उरलेले 37 टक्के काय?
— वय 16

उत्तर: चाचणी बनवणाऱ्याचे. कल मोजायची अशी कुठलीच चाचणी नसते रे बाळा. सोळाव्या वर्षी 'अजून माहीत नाही' हे पूर्ण उत्तर आहे, आणि तिसाव्या वर्षीही.

प्रश्न: मी 27 वर्षांची आहे. मी प्रेमात पडते, अगदी झोप उडेपर्यंत, पण शरीरसंबंधाची ओढ मला कुणाबद्दलच वाटत नाही, कधी वाटलीही नाही. याला 'अलैंगिक' म्हणतात असं वाचलं. वाचलं की शाळेतला अमीबा आठवतो. दुसरा शब्द आहे का?
— अमीबा नसलेली

उत्तर: तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. अमीबाचं खरंच आहे. ज्यांनी हे शब्द मराठीत आणले त्यांनी विज्ञानाच्या पुस्तकातून तयार माल उचलला. अलैंगिक म्हटलं की अमीबा दुभंगतो, उभयलिंगी म्हटलं की जास्वंदीचं फूल उभं राहतं, पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच ठिकाणी घेऊन. बायसेक्शुअल माणसाला उभयलिंगी म्हणतात तेव्हा निम्म्या वाचकांना त्याच्या शरीराबद्दल शंका येते, ती या फुलामुळे. इंग्रजी शब्दाचा प्रवासही असाच, आधी वनस्पतिशास्त्रात आणि मग माणसांत.

तुझ्यासारखी मंडळी बोलताना 'एसेक्शुअल' म्हणतात, आणि आणखी आखूड करून 'एस'. डेव्हिड जे या तरुणानं 2001 मध्ये 'एव्हेन' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथे अशी माणसं एकमेकांना भेटू लागली आणि शब्द घडू लागले. इंग्रजीत 'एस' हा पत्त्यांतल्या एक्क्याचाही उच्चार, म्हणून एक्का ही त्यांची खूण झाली. प्रेमातही न पडणारे इस्पिकचा एक्का घेतात. प्रेमात पडणारे बदामचा. तेव्हा तू बदाम एक्का. यापेक्षा चांगला मराठी शब्द मला या जन्मी सुचणार नाही. काहीजण उजव्या हाताच्या मधल्या बोटात काळी अंगठीही घालतात, तुला दागिन्यांची हौस असेल तर.

हे ब्रह्मचर्य नव्हे. ब्रह्मचर्य ओढ असून पाळायचं असतं. आजारही नव्हे. आधी असलेली ओढ अचानक गेली आणि त्याचा त्रास होत असेल, तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा डॉक्टर. तुझ्या पत्रात तसं काही नाही. आणि वरच्या उत्तरातला किन्सी आठवतो ना? त्याच्या 0 ते 6 मध्ये न बसणारी माणसं त्यालाही भेटली होती. त्यांना त्यानं 'एक्स' असं अक्षर देऊन बाजूला ठेवलं आणि पुढे गेला. बाजूला ठेवलेल्यांनी आपला डाव स्वतः मांडायला अर्धशतक गेलं. मन जुळल्यावरच शरीराची ओढ वाटते असं कुणी म्हणालं तर त्यांच्यासाठी 'डेमी' आहे. तो तुझा नाही असं वाटतं, पण तुला माहीत असावा.

प्रश्न: 'क्वीअर' ही शिवी होती ना? माझी भाची ती मिरवते.
— मामा

उत्तर: होती. अर्थ विचित्र, तिरपागडा. ज्या समलिंगी आणि इतर वेगळ्या कलाच्या माणसांच्या अंगावर ती फेकली जायची त्यांनीच 1980 च्या दशकाच्या शेवटी ती उचलून छातीला लावली. 1990 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'क्वीअर नेशन' या नावाची संघटनाच निघाली. भाचीनं स्वतःला म्हटलं तर ठीक. तुम्ही तिला म्हणण्याआधी विचारा. माझ्या वयाच्या कुणाला म्हणू नका, काहींच्या कानात ती अजून दगडासारखी लागते.

प्रश्न: ताई, आम्ही दोघी सहा वर्षं एकत्र राहतो. इंग्रजीत 'पार्टनर' म्हटलं की निभावतं. मराठीत तोंड उघडलं की क्रियापदच चुगली करतं. ऑफिसात दिवसभर वाक्यं वळवत बसते. आणि 'लेस्बियन' हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, आईसमोर तर अजिबात नाही. तुम्ही काय म्हणता?
— वय 31

उत्तर: 'लेस्बियन' तोंडात बसत नाही अशी तू एकटी नाहीस. लेस्बॉस हे ग्रीसमधलं बेट. सुमारे 2600 वर्षांपूर्वी सॅफो ही कवयित्री तिथे राहायची आणि बायकांवरच्या प्रेमाच्या कविता करायची, त्यावरून हा शब्द. 2008 मध्ये त्या बेटावरच्या तिघांनी कोर्टात धाव घेतली: लेस्बियन आम्ही, हे आमच्या गावाचं नाव, समलिंगी लोकांच्या संघटनेला ते वापरू देऊ नका. कोर्टानं ऐकलं नाही. मला ही बातमी वाचून त्या तिघांची थोडी दया आली होती. पण शब्द एकदा घराबाहेर पडला की परत येत नाही. मी तो लेखी वापरते, सभेत वापरते. घरात त्याची गरज पडत नाही.

आता क्रियापदाचं. या विषयात मी तज्ज्ञ आहे, पदवी दे. बारा वर्षं मी एका कचेरीत रोज आठ तास मराठी बोलले आणि माझ्या घरात कोण आहे हे कुणाला कळू दिलं नाही. 'ती आली' म्हणता येत नाही. 'तो आला' मला म्हणायचं नव्हतं, तेवढं खोटं मी बोलले नाही. मग मी 'आम्ही'मध्ये राहायला गेले. मराठीत एकवचनी बाई 'गेले' म्हणते आणि पुरुष 'गेलो', पण 'आम्ही' म्हटलं की सगळेच 'गेलो', 'जेवलो', 'आलो'. त्या एका सर्वनामात लिंग विचारत नाहीत. दुसरा आसरा 'घरचे'. 'घरच्यांना विचारते', 'घरच्यांना ताप आहे', 'घरच्यांना असलं आवडत नाही'. याचा परिणाम असा झाला की माझे सासू-सासरे फार कडक आहेत, अशी हवा कचेरीत झाली. एक सहकारी तर मला समजावायची, "इतकं ऐकून घेऊ नका हो त्यांचं."

तू हे सहा वर्षं करते आहेस. दमायला होतं, मला माहीत आहे. संध्याकाळी घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं मी नुसती 'ती', 'तिला', 'तिची' असं बोलायचे, घट्ट चप्पल काढल्यावर बोटं हलवतात तशी. ऑफिसात सांगायचं की नाही हे मी ठरवणार नाही. नोकरी तुझी आहे, तिथली माणसं तुला ठाऊक आहेत. आईला कुठला शब्द सांगायचा, ते मात्र तूच पत्राच्या पहिल्या ओळीत लिहून मोकळी झाली आहेस, आणि तुझं लक्ष गेलेलं नाही. 'आम्ही दोघी.' इंग्रजीला हे जमत नाही. तिथे 'दोघं' असतात, त्यात बाया किती ते कळत नाही.

माझं कसं झालं ते सांगते. वार्षिक संमेलनाच्या याद्या चालल्या होत्या. हिशेबातली मुलगी फोनवर होती, घरचे येणार का विचारत होती. माझ्यासमोर एक घाईचं मुद्रित होतं, डोळे त्यात होते, आणि मी बोलून गेले, "ती येईल, तिला विचारलंय." बोलले आणि पेन थांबलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. पलीकडे क्षणभर काही नाही. मग ती म्हणाली, "बरं. मग दोघींची नावं लिहू ना?"

"लिही," मी म्हटलं, "आणि तिच्या आडनावात दुसरी वेलांटी आहे, पहिली नाही."